मुद्दाम करतो हो!

संध्याकाळचे साडेसात. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली. दार उघडलं आणि पाय पडला तो थेट कापसावर. सोफ्याच्या उशीतला कापूस पॅसेजभर पसरलेला. दाराच्या चौकटीचा खालचा कोपरा कुरतडलेला. नवऱ्याची एक चप्पल दाराशी पडलेली आणि तिचा पट्टा गायब. या सगळ्याच्या मधोमध आमचे बंडोपंत! कान मागे, शेपूट पोटाखाली, नजर जमिनीवर.

''बघ, बघ कसा चेहरा केलाय! त्याला सगळं कळतं. मुद्दाम करतो!'' नवरा म्हणाला.

कुत्रा पाळलेल्या प्रत्येक घरात हा डायलॉग ऐकू येतो. तुमच्याही घरात ऐकू येत असणार. आम्ही तर महिनाभर रोज तेच म्हणत होतो. आज मला तेच वाक्य खोडायचं आहे. कारण त्या एका वाक्यापायी आम्ही बंड्याला घरातून घालवायला निघालो होतो.

लॉकडाऊनचं बाळ

बंड्या आमच्याकडे आला २०२० च्या जुलैमध्ये. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, पावसात कुडकुडणारं दोन महिन्यांचं गावठी पिल्लू. (हल्ली 'इंडी' म्हणतात. पिल्लू तेच, फक्त नाव झकास झालंय.) दोघंही वर्क फ्रॉम होम, त्यामुळे साहेबांची चैन. माझ्या मीटिंगा त्याच्या मांडीवरच्या घोरण्याच्या बॅकग्राऊंड म्युझिकवर व्हायच्या. घरात एकटं राहणं असं काही असतं, हे त्याला तब्बल पावणेदोन वर्षं माहीतच नव्हतं.

२०२२ च्या मार्चमध्ये दोघांचीही ऑफिसं एकदम सुरू झाली. सकाळी नऊला दाराला कुलूप, ते संध्याकाळी साडेसातलाच उघडणार. पहिल्या आठवड्यात टीव्हीचा रिमोट शहीद झाला. दुसऱ्या आठवड्यात उशी. मग चौकट. रोज घरी आलं की फाटलेली वस्तू त्याच्या नाकासमोर धरायची आणि ओरडायचं. एकदा, कबूल करते, पेपरची गुंडाळी करून फटकाही दिला. तो मान खाली घालायचा आणि आम्हाला वाटायचं, चला, समजलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

वस्तूंचं एक वेळ सोडा. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या ताई नर्स आहेत. नाइट ड्युटी करून सकाळी आठला घरी येतात. म्हणजे आम्ही कुलूप लावतो तेव्हा त्यांची रात्र सुरू होते. आणि नेमका तेव्हाच बंड्याचा गळा सुरू व्हायचा. त्यांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी दारात उभ्या राहून रडल्याच.

''अगं, मला आवडतो गं तुमचा बंड्या. पण मी तीन दिवस झोपलेली नाहीये. माझ्या हातून एखाद्या पेशंटला चुकीचं औषध गेलं तर?''

त्याच आठवड्यात सोसायटीचं पत्र आलं. मी लगेच नियम शोधायला बसले. नियम आमच्या बाजूने होते. भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुसंख्य रहिवाशांचं एकमत झालं, तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी घ्या, असं मालकांनाही त्याच सूचनांमध्ये सांगितलंय. पत्राला उत्तर तयार झालं. पण ताईंची झोप कुठल्या कलमात बसवायची?

मग निघाला तो नेहमीचा तोडगा. नवऱ्याच्या मित्राचं मुळशीकडे फार्महाऊस आहे. ''तिथे सोडू. मोकळा राहील, पळेल, मजा करेल.'' ऐकायला किती गोड वाटतं! त्या फार्महाऊसवर माणसं फक्त शनिवार-रविवारी असतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण दोघंही ते बोललो नाही. रविवारी निघायचं ठरलं.

चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

शुक्रवारी बंड्याचं लसीकरणाचं बुक घेऊन डॉक्टरांकडे गेलो. सोडायचंच आहे तर रेबीजची लस तरी झालेली असावी, एवढाच हेतू. तिथे मी सगळा पाढा वाचला आणि शेवटी म्हणाले, ''मुद्दाम करतो हो, डॉक्टर!''

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. ''तुम्ही गेल्यावर तो नेमकं काय करतो, हे कधी बघितलंय?''

कसं बघणार? आम्ही घरी नसतानाच तर करतो!

''जुना मोबाइल असेल ना घरात? रेकॉर्डिंग लावा आणि अर्धा-पाऊण तास बाहेर जा.''

शनिवारी सकाळी तेच केलं. फोन शू रॅकवर उभा केला, त्याच्या बाऊलमध्ये उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवले आणि खाली टपरीवर जाऊन बसलो. चाळीस मिनिटांनी वर आलो आणि सोफ्यावर बसून रेकॉर्डिंग बघितलं.

पहिली दोन मिनिटं तो दाराकडे बघत नुसता उभा होता. मग दार ते खिडकी, खिडकी ते दार अशा येरझाऱ्या. पाचव्या मिनिटाला धापा टाकायला लागला, पंखा चालू असताना. लाळ गळत होती. मग पंजांनी दार खरवडणं, चौकटीला दात लावणं आणि मान वर करून लांबलचक रडणं. लिफ्टचा आवाज झाला की थांबायचा, कान टवकारायचा, कुणी येत नाही म्हटल्यावर पुन्हा सुरू. चिकन तसंच. एक तुकडाही हलला नव्हता. आणि चिकन म्हणजे बंड्याचा जीव!

त्या चाळीस मिनिटांत बदला घेणारा कुत्रा एक क्षणही दिसला नाही. दिसला तो भीतीने अर्धमेला झालेला. नवऱ्याने काही न बोलता मित्राला फोन लावला आणि रविवारचं कॅन्सल केलं.

तो 'अपराधी' चेहरा

मग तो संध्याकाळचा चेहरा? कान मागे, नजर खाली, तो कशाचा?

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. १४ कुत्रे आणि त्यांचे मालक. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचं नाही' म्हणून बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. कधी कुत्र्याने खाऊ खाल्ला, कधी नाही. गंमत अशी, की परत आलेल्या मालकाला दर वेळी खरं सांगितलं जात नव्हतं. त्यामुळे खाऊला तोंडही न लावलेल्या काही बिचाऱ्यांनाही बोलणी बसली. निष्कर्ष काय निघाला? 'अपराधी' चेहऱ्याचा खाऊ खाण्याशी संबंधच नव्हता. मालक रागावला की तो चेहरा व्हायचा. आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं, पण बोलणी खाल्ली, त्यांच्यात तर तो जास्तच दिसला.

म्हणजे साडेसातला बंड्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हताच. आमच्या आवाजाची धास्ती होती. कुत्रा शिक्षेचा किंवा बक्षिसाचा संबंध आत्ता, एक-दोन सेकंदांपूर्वी जे घडलं त्याच्याशी जोडतो. सव्वानऊला कुरतडलेल्या चौकटीबद्दल साडेसातला ओरडलं, तर तो एवढंच शिकतो, की ही माणसं घरी येतात तेव्हा भयंकर असतात. आधी जाण्याची भीती, त्यात आम्ही येण्याचीही भीती घातली होती.

भीती की कंटाळा?

याला सेपरेशन अ‍ॅन्झायटी म्हणतात. पण एकटा असताना उशी फाडणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला तीच असते, असं नाही. पुष्कळांना निव्वळ कंटाळा आलेला असतो. फरक ओळखायला रेकॉर्डिंगसारखा उपाय नाही.

घाबरलेला कुत्रा तुम्ही गेल्यावर लगेच, बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच अस्वस्थ होतो. तोडफोड दार-खिडकीपाशी करतो. लाळ गाळतो, धापा टाकतो, शिकलेला असूनही घरात शू करतो आणि आवडीच्या खाण्याला तोंड लावत नाही. कंटाळलेला कुत्रा आधी खाऊ फस्त करतो, मस्त झोप काढतो आणि मग उठून 'आता काय बरं करावं' म्हणत तुमच्या पुस्तकांकडे वळतो.

कंटाळ्याचा उपाय सोपा आहे. सकाळचं फिरणं वाढवा आणि त्यात त्याला मनसोक्त वास घेऊ द्या. आपण पेपर वाचतो, तो खांब वाचतो. घाईघाईने सोसायटीला एक चक्कर मारण्यापेक्षा वास हुंगत केलेली अर्धी चक्कर त्याला जास्त दमवते. खाणं बाऊलमध्ये देण्यापेक्षा जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, रबरी खेळण्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवा. खायला कष्ट पडले पाहिजेत.

भीतीला मात्र वेळ द्यावा लागतो.

दहा सेकंदांपासून सुरुवात

पहिलं काम म्हणजे ओरडणं बंद. संपूर्ण बंद. दुसरं, डॉक्टरांकडून तब्येतीची तपासणी, कारण दुखणं असलं तरी कुत्रा अस्वस्थ होतो.

मग 'किल्ली' हा प्रकार निकामी केला. आम्ही किल्ली उचलली, की बंड्याची धाकधूक सुरू व्हायची. म्हणून दिवसातून दहा-पंधरा वेळा किल्ली उचलायची आणि टीव्ही बघत बसायचं. बूट घालायचे आणि भांडी घासायची. बॅग खांद्याला लावून कुकर लावायचा. (त्या दिवसांत आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी आमच्याबद्दल काय मत करून घेतलं असेल, देव जाणे.) आठवड्याभरात किल्लीचा आवाज झाला तरी तो मान वर करेनासा झाला.

त्यानंतर दार. बाहेर जायचं, दहा सेकंदांत आत यायचं. न हाका मारता, न लाडं लाडं करता. मग वीस सेकंद, एक मिनिट, पुन्हा तीस सेकंद, मग दोन मिनिटं. तो घाबरायच्या आत परत यायचं, हा सगळ्यातला मेन फंडा. तो रडायला लागला, तर आपण फार लांब उडी मारली, असं समजून एक पायरी खाली यायचं.

यात खरी अडचण आहे ती नोकरीची. शिकवणी चालू असताना त्याला झेपतं त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवलं, तर केलेलं सगळं पाण्यात जातं. आम्ही काय नाही केलं! आठवड्यातले दोन-दोन दिवस घरून काम मागून घेतलं, सुट्ट्या आलटूनपालटून टाकल्या, सांगलीहून आईला बोलावलं, पोळ्या करणाऱ्या मावशींची वेळ सकाळची दुपार केली. आणि समोरच्या ताईंना सगळा प्लॅन जाऊन सांगितला. त्यांनी रेकॉर्डिंग बघितलं आणि म्हणाल्या, ''हा तर आमच्या वॉर्डातल्या पेशंटसारखा घाबरलाय गं!'' त्यानंतर त्यांचे मेसेज येऊ लागले. 'आज पाच मिनिटं रडला.' 'आज फक्त एकदा भुंकला.' आम्हाला याहून भारी प्रोग्रेस रिपोर्ट कुठे मिळणार होता?

पहिला अर्धा तास गाठायला आम्हाला पाच आठवडे लागले. तो टप्पा ओलांडल्यावर वेळ भराभर वाढली. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी चार तास. तिथेच आम्ही थांबलो, कारण रोज दहा तास एकटं राहणं कुठल्याच कुत्र्याच्या वाट्याला येऊ नये. दुपारी वॉचमनमामांचा कॉलेजात जाणारा मुलगा येतो, त्याला फिरवून आणतो. महिन्याचा तो खर्च आम्ही बाहेरच्या जेवणातून कापला. काही कुत्र्यांना एवढ्यानेही पुरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधं द्यावी लागतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त माणसांची औषधं मनानेच देऊ नका.

बॉस कोण?

या काळात फुकटचे सल्ले पुष्कळ मिळाले. सगळ्यात लोकप्रिय सल्ला पार्किंगमधल्या एका काकांचा. ''दोन ठेवून द्या. घरात बॉस कोण ते कळू दे!''

या 'बॉस'गिरीचं मूळ लांडग्यांमध्ये आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत ठेवलेल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. त्यात वर्चस्वासाठीच्या मारामाऱ्यांचं वर्णन होतं. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा' ही कल्पना घरोघर पोचवली. पण याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर १९९९ मध्ये लिहिलं, की नैसर्गिक कळप म्हणजे साधं कुटुंब असतं. आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे मारामारी करून कुणी बॉस होत नाही. तेव्हा काका, तुमचा मुद्दा खुद्द मूळ मालकानेच मागे घेतलाय!

फटक्याने भुंकणं तेवढ्यापुरतं थांबतं, पण भीती तशीच राहते. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावू शकतो.

बाकीच्या रोजच्या तक्रारी

घरात शू : पिल्लू झोपून उठलं, जेवलं, खेळून थांबलं, की लगेच खाली न्या. बाहेर केली की तिथल्या तिथे खाऊ, घरी आल्यावर नाही. साधारण जितके महिने वय, त्यात एक मिळवला की तितके तास ते दिवसा जेमतेम कळ काढू शकतं. त्यात नाक घासणं वगैरे प्रकार नकोत. तो तुमच्यासमोर करायचं टाळेल आणि सोफ्यामागे करेल. फिनाईलने आपल्याला येणारा वास जातो, त्याला येणारा जात नाही. त्यासाठी एन्झाइम असलेलं क्लीनर मिळतं, ते वापरा.

हात चावणं : चार ते सहा महिन्यांच्या वयात दुधाचे दात पडतात, हिरड्या शिवशिवतात. हात झटकला की त्याला तो खेळ वाटतो. हात स्थिर ठेवा, खेळणं पुढे करा. फ्रीजरमधलं गाजर बेस्ट. आणि लहानपणी हाताशी मस्ती करायला शिकवून मोठेपणी ओरडू नका.

अंगावर उड्या : चारही पाय जमिनीवर असतील तरच लाड. उडी मारली की पाठ फिरवा. पण घरातल्या सगळ्यांचा नियम एकच हवा. तुम्ही पाठ फिरवणार आणि आजोबा 'ये रे माझ्या राजा' करणार, असं असेल तर राजा उड्याच मारणार.

पट्टा ओढणं : तो ओढेल तेव्हा झाडासारखं थांबायचं. पट्टा सैल झाला की चालायचं. पहिले काही दिवस गेटपर्यंतही पोचणार नाही, चालेल. गळा आवळणाऱ्या साखळीऐवजी छातीचा हार्नेस घ्या.

बेल वाजली की भुंकणं : बेलचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा, अगदी हळू लावा आणि लगेच त्याला त्याच्या चटईवर खाऊ द्या. हळूहळू आवाज वाढवा. बेल म्हणजे चटई, हे डोक्यात बसतं.

खाऊ म्हणजे नखाएवढे तुकडे. उकडलेलं चिकन किंवा पनीर, मीठ-मसाला न घालता. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंग गम चुकूनही नाही.

आणि स्वभाव अचानक बदलला, जवळ गेल्यावर गुरगुरायला लागला किंवा कुणाला चावला, तर घरगुती प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. चावलेल्या माणसाने जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

आणण्याआधी एक हिशोब

कुत्रा आणायचा विचार चाललाय? मग जात, रंग, नाव हे सगळं नंतर. आधी कागदावर लिहा, घराला कुलूप किती तास असतं. त्यातले किती तास कोण भरून काढणार, त्याचं नाव पुढे लिहा. रकाना रिकामा राहिला तर थोडं थांबा. आणि आत्ता घरून काम करत असाल, तर पिल्लाला पहिल्या आठवड्यापासून रोज पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत एकटं राहायची सवय लावा. आम्ही ती लावली नाही. चूक बंड्याची नव्हती, आमची होती.

आता बंड्याच्या तोंडाभोवती पांढरे केस डोकावायला लागलेत. संध्याकाळी दार उघडलं की तो चटईवरून उठतो, आधी पुढचे पाय ताणतो, मग मागचे, मोठ्ठी जांभई देतो आणि मग निवांत शेपूट हलवत येतो. ती जांभई बघितली की दिवसाचा शीण जातो. म्हणजे पठ्ठ्या झोपला होता!

सगळं सुरळीत झालंय असं समजू नका. गेल्या महिन्यात माझी नवीकोरी कोल्हापुरी गेली. शू रॅकचं दार उघडं मीच टाकलं होतं. नवरा म्हणालाच, ''मुद्दाम…'' आणि जीभ चावून गप्प बसला.

तुमच्याही तोंडावर ते वाक्य येईल तेव्हा फक्त एक करा. कपाटातला जुना मोबाइल शोधा आणि चार्जिंगला लावा.